काटा सरकतो म्हणजे अस्सल?

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. हा लेख लिहिणाऱ्याने एका नकली रोलेक्सला "अस्सल आहे" असं छातीठोक सर्टिफिकेट दिलेलं आहे. तेही भर दिवाळीत, घरच्यांसमोर. त्या सर्टिफिकेटची किंमत पडली चाळीस हजार रुपये. माझी नाही, बाबांची.

झालं असं. बाबांच्या एका जुन्या मित्राने (मी त्यांना लहानपणापासून काकाच म्हणतो) धंद्यासाठी बाबांकडून ऐंशी हजार घेतले होते. दिवाळीत ते पुन्हा आले. अजून चाळीस हवे होते. तारण म्हणून त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ काढलं. काळी तबकडी, काळी फिरती रिंग, अंधारात चमकणारे ठिपके आणि बाराच्या जागी तो जगप्रसिद्ध मुकुट. रोलेक्स सबमरीनर! "आखातातून आलंय. चार लाखांच्या खाली कुणी देणार नाही. तुझे पैसे फिटेपर्यंत तुझ्याकडे राहू दे," काका म्हणाले. बाबांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. "तू मेकॅनिकलला आहेस ना? बघ जरा."

आता तुम्हीच सांगा, दोन केट्या डोक्यावर असलेल्या टी.ई.च्या पोराला घरात असा मान कितीदा मिळतो? मी घड्याळ खिडकीपाशी नेलं, हातात तोललं, कानाला लावलं आणि सेकंदकाटा बघितला. तो टक-टक उड्या मारत नव्हता, मस्त सरकत होता. कुठेतरी वाचलेलं डोक्यात पक्कं होतं : नकलीचा काटा उड्या मारतो, असलीचा सरकतो. "अस्सल आहे," मी म्हणालो. आईने काकांसमोर चहा ठेवला आणि बाबांनी कपाट उघडलं.

माझं कुठे चुकलं ते समजायला मला पुढे चार महिने लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून हा प्रपंच.

काटा का सरकतो?

घड्याळं दोन जातींची. सेलवर चालणारी क्वार्ट्झ आणि स्प्रिंगवर चालणारी मेकॅनिकल. क्वार्ट्झ घड्याळात एक चिमुकला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा उगीच आलेला नाही. ई अँड टीसीवाल्यांनी ओळखलं असेल, हा २ चा १५ वा घात. पंधरा वेळा दोनने भागलं की सेकंदाला बरोबर एक पल्स उरतो. त्या एका पल्सवर छोटी मोटर एक पाऊल टाकते आणि काटा एक उडी मारतो. आपल्या साध्या घड्याळात दिसतं ते हेच.

मेकॅनिकल घड्याळात ताकद गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये असते. ती मोकळी सोडली तर काही क्षणांत सगळी चाकं भर्रकन फिरून मामला संपेल. म्हणून तिच्या वाटेवर एक पहारेकरी बसवलेला असतो. बॅलन्स व्हील झोका घेतं, आणि दर झोक्याला हा पहारेकरी चाकांना जराशी पुढे जाऊ देतो. आजच्या बहुतेक उंची मेकॅनिकल घड्याळांत तासाला २८,८०० झोके पडतात. भागाकार करा : सेकंदाला ८. म्हणजे काटा इथेही उड्याच मारतो, पण एका सेकंदात आठ बारीक उड्या. आपल्या डोळ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून काटा 'सरकतो' असं वाटतं.

यावरून काय सिद्ध होतं? फक्त एवढंच, की आत सेल नाही. जेव्हा नकली घड्याळांत सर्रास सेलचं मशीन टाकलं जायचं तेव्हा ही परीक्षा चालून जायची. आता चिनी बनावटीचं ऑटोमॅटिक मशीन इतकं स्वस्त झालंय की नकली माल बनवणारा तेच टाकतो, आणि काटा मजेत सरकतो. उलट बाजूही बघा. कार्टिए, ओमेगा, टॅग ह्यूअर यांची कितीतरी अस्सल घड्याळं क्वार्ट्झ आहेत, त्यांचा काटा उडीच मारणार. खुद्द रोलेक्सने १९७७ मध्ये 'ऑइस्टरक्वार्ट्झ' नावाचं सेलवर चालणारं घड्याळ आणलं होतं आणि ते पुढे वीसेक वर्षं विकलं. माझ्या नियमाने त्या बिचाऱ्या अस्सल रोलेक्सला मी नकली ठरवलं असतं!

वजनाचंही तेच. "जड आहे म्हणजे असली" हे आपण भंगाराच्या हिशेबाने बोलतो. स्टीलचं घड्याळ स्टीलइतकंच जड असणार, मग ते जिनेव्हात बनो की आणखी कुठे. काचेवर पाण्याचा थेंब टाकून बघा, थेंब गोल राहिला तर सफायर काच, असंही सांगतात. पण कृत्रिम सफायर बनवण्याची व्हर्नॉय पद्धत १९०२ पासून जगाला माहीत आहे. ती काच आज नकली घड्याळातही मिळते. त्यामुळे काच खरी सफायरची असूनही घड्याळ खोटं असू शकतं.

जिन्याखालचा प्रोफेसर

फेब्रुवारीत काकांचे फोन येईनासे झाले. बाबा काही बोलत नव्हते, पण माझी पुढच्या वर्षाची फी जवळ आली होती. शेवटी "निदान आता नक्की किंमत तरी काढून आण" म्हणून त्यांनी मला गावातल्या जुन्या घड्याळजींकडे पाठवलं. दुकान म्हणजे एका वाड्याच्या जिन्याखालचा कोनाडा. सहा फुटांचा माणूस आत उभा राहू शकणार नाही. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, एक रबरी चेंडू झाकणावर दाबून पिळला, झाकण सुटलं. त्यांनी आत पाहिलं. अर्धा मिनिट. मग भिंग काढून मला विचारलं, "कितीला घेतलं, बाळा?"

मी सगळं सांगितलं. हसले नाहीत. भिंग माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "बघ. बॅलन्सच्या डोक्यावरची पट्टी एकाच बाजूने स्क्रूने धरलीय ना? आणि तिच्यावर ती बारीक दांडी, अधिक-उणे लिहिलेली?" होती. १९८८ पासून रोलेक्सने कितीतरी वर्षं सबमरीनर डेटमध्ये ३१३५ नावाचं स्वतःचं मशीन वापरलं. त्यात बॅलन्सवरचा पूल दोन्ही बाजूंनी बसवलेला असतो, म्हणजे धक्का बसला तरी हलायला नको. आणि अधिक-उणेची दांडी नसतेच. घड्याळ पुढे-मागे करायचं तर बॅलन्सच्याच कडेवर बसवलेले चिमुकले नट फिरवावे लागतात. नट आत-बाहेर गेले की मोमेंट ऑफ इनर्शिया बदलतो आणि झोक्याचा वेळ बदलतो. (सेकंड इयरला ज्या धड्यावर आपण झोपलो होतो, तोच!) हेअरस्प्रिंगला हात लावावा लागत नाही. ती सोय महाग पडते. दांडी स्वस्त.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. "नकली करणारा मूर्ख नसतो. तो हिशेबी असतो. गिऱ्हाईक जिथे बघणार तिथे तो पैसे घालतो, जिथे बघणार नाही तिथे वाचवतो. तू तो जिथे दाखवतोय तिथेच बघत बसलास."

माझ्या मते या विषयातलं सगळं यातच आलं. नकलीची एखादी 'खूण' शोधत बसू नये, कारण खूण सगळ्यांना कळली की पुढच्या मालात ती दुरुस्त होते. विचार हा करायचा : ही वस्तू हुबेहूब करताना कुठली गोष्ट महाग पडते आणि कुणाच्या नजरेत येत नाही?

पैसे कुठे वाचवले?

फर्स्ट इयरचा वर्कशॉप आठवा. चौकोनी जॉब घासून घासून साइजमध्ये आणला, की इन्स्ट्रक्टर सर कडेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "बर काढला नाहीस." माप बरोबर असलं तरी कडा साफ करायला वेगळा वेळ जातो. घड्याळातही तेच. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून काट्यांच्या कडा बघा, आकड्यांच्या जागी बसवलेल्या ठिपक्यांच्या धातूच्या कडा बघा, तारखेच्या खिडकीची चौकट बघा. चांगल्या घड्याळात कड धारदार आणि स्वच्छ असते, छापलेलं अक्षर भरीव असतं, त्याचा कोपरा पसरलेला नसतो. आमच्या घड्याळात मिनिटकाट्याच्या कडेवर चक्क बर होता. दिवाळीत मी भिंग घेतलं असतं तर... असो.

रोलेक्सच्या बाबतीत तारखेवरचं ते फुगीर भिंग फार बोलकं आहे. कंपनी ते तारीख अडीचपट मोठी दिसेल असं बनवते. अस्सल घड्याळात तारीख खिडकीभर दिसते. नकलीत बरेचदा दीडपटच, त्यामुळे आकडा खिडकीत बारीक, एकटा पडल्यासारखा दिसतो. अर्थात ही खूण आता इतकी प्रसिद्ध झालीय की चांगल्या नकलेत तीही बरोबर असते. आमच्यात निम्मीशिम्मी होती.

रिंग फिरवून बघा. सबमरीनरची रिंग एकाच दिशेने फिरते आणि पूर्ण फेऱ्याला १२० ठोके पडतात. (पाण्याखाली चुकून हलली तर उरलेली हवा कमी दाखवावी, जास्त दाखवू नये, म्हणून एकच दिशा.) प्रत्येक ठोक्याला ती गच्च थांबायला हवी. लेथच्या जुन्या क्रॉस स्लाइडसारखा बॅकलॅश जाणवला तर शंका घ्या. चावीवरच्या मुकुटाखाली तीन ठिपके असतात, ते तिहेरी सीलचं चिन्ह. ठिपके कुणीही कोरेल, आतली सीलं कोण घालणार?

मागचं झाकण काचेचं असेल आणि पुढे 'सबमरीनर' लिहिलं असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. रोलेक्सने पारदर्शक झाकण मोजक्याच मॉडेलना दिलंय, जसं २०२३ मध्ये आलेलं 'पर्पेच्युअल १९०८'. सबमरीनरचं झाकण साधं, स्टीलचं, आत डोकावता न येणारं.

डेटोना नावाचं मॉडेल मला सगळ्यात गमतीशीर वाटतं. त्यात तबकडीवर तीन छोट्या तबकड्या असतात, कारण ते स्टॉपवॉचसुद्धा आहे. २००० नंतरच्या अस्सल डेटोनात चालू सेकंद खालच्या, सहाच्या जागच्या छोट्या तबकडीत दिसतात. मधला मोठा काटा बटण दाबेपर्यंत निवांत उभा असतो. खरंखुरं स्टॉपवॉच बनवणं भयंकर महाग, म्हणून स्वस्त नकलीत साधंच ऑटोमॅटिक मशीन असतं. मधला काटा आपला सदोदित पळतोय आणि छोट्या तबकड्यांत चक्क वार आणि महिना! ज्याला कळतं त्याला दहा फुटांवरून कळतं.

सोन्याच्या घड्याळात आर्किमिडीज कामाला येतो. १८ कॅरेट सोन्याची घनता स्टीलच्या जवळपास दुप्पट. पट्ट्याची एखादी कडी निघाली तर वजन-घनफळ काढून मुलामा लगेच उघडा पडेल. शिवाय १९९५ पासून स्वित्झर्लंडच्या अधिकृत हॉलमार्कवर सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचं डोकं असतं.

आपल्याकडे घरोघरी दिसणारं परदेशी घड्याळ मात्र रोलेक्स नव्हे, राडो. कोकणातली कितीतरी माणसं आखातात नोकरीला, आणि तिथून लग्नात जावयाला राडो आणायची हौस. ऑटोमॅटिक राडोच्या तबकडीवरचा छोटा नांगर मोकळा असतो, घड्याळ हलवलं की तो हलतो. ऑटोमॅटिक म्हणवणाऱ्या राडोचा नांगर नुसता छापलेला असेल तर जावईबापूंनी सासऱ्यांना काही बोलू नये, पण मनातली किंमत कमी करायला हरकत नाही.

मोबाइलवर जमणारं प्रॅक्टिकल

घड्याळजींकडून आल्यावर मी ते घड्याळ टेबलावर ठेवलं आणि दिवाळीत करायला हवं होतं ते केलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं. सेकंदकाट्याचा व्हिडिओ घेतला आणि एका उडीपासून दुसऱ्या उडीपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. ३१३५ असतं तर सेकंदाला आठ ठोके, म्हणजे दर उडीला ३० फ्रेम. माझ्या मोजण्यात आल्या ४०. म्हणजे सेकंदाला सहा, तासाला २१,६००. स्वस्त ऑटोमॅटिक मशीनचा हा अगदी नेहमीचा ठोका. खात्रीसाठी मोबाइलचा माइक झाकणाला लावून दहा सेकंद आवाज रेकॉर्ड केला आणि कॉम्प्युटरवर लाटा मोजल्या. साठ. ऐंशी हव्या होत्या.

दहा सेकंद! चाळीस हजार वाचवायला एवढेच पुरले असते. डोळ्याला सहा आणि आठ सारखेच दिसतात, मोजलं की लपत नाही. मेट्रॉलॉजीचे सर हेच बोंबलून सांगतात, आपण गो-गेज कुठला आणि नो-गो कुठला एवढंच पाठ करतो.

पण मोजण्याआधी हे घड्याळ कुठल्या सालचं, कुठल्या मॉडेलचं म्हणवतंय ते ठरवा. जुन्या रोलेक्समधल्या काही मशीनचा ठोका तासाला १९,८०० होता. ते घड्याळ २८,८०० ने चालत असेल तर उलट तेच संशयास्पद!

याच आवाजातून आणखी एक गंमत काढता येते. एक 'टिक' म्हणजे नीट बघितलं तर तीन बारीक आवाज असतात. पहिल्या आणि तिसऱ्यातला वेळ मोजला की बॅलन्स किती मोठा झोका घेतोय ते कळतं. झोका साइन वक्राने होतो असं धरलं, तर झोक्याचा कोन = लिफ्ट अँगल भागिले (२ × साइन (पाय × फ्रीक्वेन्सी × वेळ)). लिफ्ट अँगल ५२ अंश आणि फ्रीक्वेन्सी ४ हर्ट्झ असेल, तर ७.४ मिलिसेकंदाला झोका येतो २८० अंश, म्हणजे तब्येत ठणठणीत. तोच वेळ १०.४ मिलिसेकंद झाला तर झोका २०० वर आलेला, घड्याळ थकलंय. घड्याळजींकडे हे मोजणारं तयार यंत्र असतं. मात्र एक सांगतो : हे आकडे तब्येत सांगतात, जात सांगत नाहीत. नवी नकल खणखणीत २८० दाखवेल आणि दहा वर्षं तेलपाणी न केलेलं अस्सल घड्याळ धापा टाकेल.

आणि तरीही फसू शकता

आमचं घड्याळ स्वस्त नकलेतलं होतं, म्हणून पकडलं गेलं. आज बाजारात अशा नकला आहेत ज्यांत ३१३५ चीच भागाला भाग कॉपी केलेली असते. दोन बाजूंचा पूल, बॅलन्सवरचे नट, २८,८०० चा ठोका, सगळं जागच्या जागी. काचेखालच्या आतल्या कड्यावर 'रोलेक्स रोलेक्स' कोरलेलं, सहाच्या जागी सीरियल नंबर, सोबत बॉक्स आणि वॉरंटी कार्ड. फोटोवरून अशी नकल ओळखता येते असं जो म्हणतो तो दिवाळीतला मी आहे, एवढंच मी म्हणेन. ती उघडून, अस्सल मशीन शेजारी ठेवून, त्याच कामात आयुष्य गेलेल्या माणसानेच बघावी लागते.

त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे ज्यातला बहुतेक भाग खराच आहे असं घड्याळ. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनेव्हाला १९५७ सालचं एक ओमेगा स्पीडमास्टर लिलावात निघालं. बोली पोचली ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर! घेणारा कोण? खुद्द ओमेगा कंपनी, स्वतःच्या म्युझियमसाठी. आणि जून २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे, बहुतेक अस्सल भाग जोडून तयार केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचा आरोपही केला. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसावरून अशा जोडघड्याळांना 'फ्रँकनवॉच' म्हणतात. भाग खरे, पण ते एकत्र जन्मलेले नाहीत. ज्यांनी घड्याळ बनवलं तेच फसले, तर दोन केट्यांच्या पोराचं काय घेऊन बसलात!

याचा गरीब भाऊ आपल्या मुंबईत आहे. फाव्हर-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती. त्यामुळे जुनी स्विस घड्याळं आपल्याकडे अजून सापडतात. शिवाय एचएमटीची घड्याळं तर घरोघरी. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि जुन्या 'जनता', 'पायलट'ची मागणी वाढली. मग जुन्या घड्याळांच्या तबकड्या घासून, नव्या भडक रंगात रंगवून, मिळतील ते काटे लावून ती विकली जाऊ लागली. परदेशातल्या शौकिनांनी या मालाला नावच पाडलंय, 'मुंबई स्पेशल'. केस झिजून गुळगुळीत आणि तबकडी मात्र कालच्या लग्नपत्रिकेसारखी चकचकीत दिसली, अक्षरं जराशी वाकडी, रंग तारखेच्या खिडकीच्या कडेला ओघळलेला, की समजायचं. आत मशीन बहुधा खरंच असतं. आवडलं तर जरूर घ्या, पण रंगवलेलं म्हणून, त्या किमतीला.

म्हणजे सेकंडहँड घेताना करायचं काय? आधी मॉडेल आणि साल विचारायचं. मग केस, तबकडी, मशीन, नंबर, कागद हे सगळे एकच गोष्ट सांगतायत का ते ताडायचं. साक्षीदारांची उलटतपासणीच म्हणा ना. पैसे हातातून सुटण्याआधी घड्याळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा आपल्या ओळखीच्या घड्याळजीकडे उघडून घ्यायचं. विकणारा "उघडू नका, सील जाईल" म्हणाला तर चहा पिऊन उठायचं. आणि किंमत. लाखांच्या घरातली वस्तू कुणी 'अडचण आहे' म्हणून पाव किमतीत देत असेल, तर आपण त्याची अडचण सोडवत नसतो.

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो. धाकट्या चुलत्यांनी लगेच तोडगा काढला : "कुणाला तरी टिकवून टाका, तुमचे पैसे मोकळे." बाबांनी नाही म्हटलं. मी त्यांना ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ दाखवला. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकल्याबद्दल सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. बाबा म्हणाले, "कायदा नसता तरी नाहीच."

मे महिन्यात काका स्वतःहून आले. धंदा बसला होता म्हणून फोन उचलत नव्हते. तेव्हापासून दर महिन्याला तीन हजार आणून देतात, एकदाही चुकलेले नाहीत. घड्याळाचा विषय कुणीच काढत नाही. त्यांना माहीत होतं, की त्यांनाही कुणी बनवलं होतं, ते आम्हाला ठाऊक नाही. बाबांचं म्हणणं दुसरंच.

एकदा मी विचारलंच, "पैसे फिटले की त्यांना घड्याळ परत देताना सांगायचं का?"

बाबा पेपर वाचत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दिवसाला किती पुढे जातं म्हणालास?"

"बावीस सेकंद."

"मग तेवढं नीट करून आण. तारण ठेवलेली वस्तू आहे."

मी जिन्याखाली गेलो. घड्याळजींनी झाकण उघडलं आणि चिमट्याच्या टोकाने ती अधिक-उणेची दांडी केसभर उणेकडे सरकवली. आता ते दिवसाला चार सेकंद पुढे जातं. स्विस क्रोनोमीटरच्या मशीनला रोजी सहा सेकंद पुढे जायची मुभा असते.